शेवटच्या वाटीभर गंधकाची लढाई

डिझेलने भरलेला बारा हजार लिटरचा टँकर आपण रस्त्यावर नेहमी पाहतो. त्यातल्या डिझेलचे वजन साधारण दहा टन भरते. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडे डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. म्हणजे अशा एका टँकरमधून शंभर किलो गंधक, पन्नास किलोची दोन पोती भरतील इतके, कुणाच्या नजरेला न पडता जात असे. इंजिनात जळून ते धुरावाटे गावोगावच्या हवेत मिसळत असे. आज त्याच टँकरमध्ये जास्तीत जास्त शंभर ग्रॅम गंधकाला परवानगी आहे. दोन पोत्यांच्या जागी एक लहानशी वाटी!

हा बदल एका रात्रीत झाला नाही. २००० सालच्या सुमारास शंभर किलोंचे पंचवीस किलो झाले होते आणि मोठ्या शहरांसाठी पाच किलो. २०१० मध्ये देशभर साडेतीन किलो आणि तेरा शहरांत अर्धा किलो. २०१७ मध्ये सगळीकडे अर्धा किलो. दिल्लीत १ एप्रिल २०१८ पासून आणि उरलेल्या देशात १ एप्रिल २०२० पासून ही शंभर ग्रॅमची वाटी आली. त्या दिवशी देशात टाळेबंदी होती आणि रस्ते ओस पडले होते. त्यामुळे इतके स्वच्छ इंधन पंपावर आले तेव्हा त्याचे स्वागत करायला रस्त्यावर गाड्याच नव्हत्या.

आकड्यांची ही उतरण पाहून कुणालाही वाटेल की, पहिली नव्वद-पंच्याण्णव किलोंची मजल अवघड आणि शेवटचे थोडेसे सोपे. प्रत्यक्षात नेमके उलटे आहे. ज्यांच्या घरी तांदूळ निवडले जातात त्यांना हे समजावून सांगायला नको. मोठे काळे खडे सुपात पटकन दिसतात. कस लागतो तो तांदळाच्याच रंगाचा, तांदळाच्याच आकाराचा पांढरा खडा शोधताना. इंधनातले शेवटचे गंधक या पांढऱ्या खड्यासारखे असते.

गोड तेल आणि आंबट तेल

जमिनीखालचे खनिज तेल हे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या सूक्ष्म सागरी जीवांच्या अवशेषांपासून बनलेले. सजीवांमध्ये गंधक असतेच, शिवाय समुद्राच्या तळाशी जीवाणूंनी त्यात भर घातली. हे गंधक तेलात साखरेसारखे विरघळलेले नसते. तेलाच्या रेणूंमध्येच त्याचा अणू अडकलेला असतो, म्हणून गाळून किंवा धुऊन ते निघत नाही.

गंधक कमी असेल तर तेलाच्या व्यापारात त्या तेलाला ‘गोड’ म्हणतात, जास्त असेल तर ‘आंबट’. आपल्याला १९७४ मध्ये सापडलेल्या बॉम्बे हायचे तेल चांगलेच गोड आहे. पण देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८० टक्क्यांहून अधिक आयात होते आणि आखातातून येणारे बरेचसे तेल आंबट असते. त्यात दीड ते तीन टक्के गंधक सापडते. आंबट तेल तुलनेने स्वस्त मिळते. ते पचवण्याची ताकद असलेली रिफायनरी पैसे वाचवते.

आंबट तेलाशी माणसाची पहिली मोठी झुंज अमेरिकेत झाली. ओहायो राज्यातल्या लिमा गावी १८८५ मध्ये तेल लागले, पण त्याला असा काही दर्प होता की लोकांनी त्याला दुर्गंधी सोडणाऱ्या स्कंक या प्राण्याचे नाव दिले. त्यापासून केलेले रॉकेल दिव्यात घातले की काचा काजळायच्या आणि घरभर वास सुटायचा. रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑईल कंपनीने हे तेल घेतले आणि जर्मनीत जन्मलेल्या हर्मन फ्राश या रसायनतज्ज्ञाला कामाला लावले. फ्राश यांनी तांब्याच्या ऑक्साईडशी तेलाचा संयोग घडवून गंधक पकडले आणि नकोसे झालेले तेल विकण्याजोगे केले.

धुराचे गणित

त्या काळी प्रश्न वासाचा होता. पुढे तो श्वासाचा झाला. गंधक जळले की सल्फर डायऑक्साईड तयार होतो. हवेतल्या दमटपणाशी संयोग होऊन त्याचे आम्ल बनते, आणि अमोनियासारख्या वायूंशी जोडी जमली की अतिसूक्ष्म कण बनतात. हे कण फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात. आपल्याकडे या विषयाला तोंड फुटले ते ताजमहालामुळे. १९८२ मध्ये मथुरेची रिफायनरी सुरू झाली, १९८४ मध्ये वकील एम. सी. मेहता यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि ३० डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने ताजच्या परिसरातल्या २९२ कारखान्यांना एक तर नैसर्गिक वायू वापरा, नाही तर अन्यत्र जा, असे सांगितले. संगमरवराच्या निमित्ताने का होईना, गंधक हा सार्वजनिक चर्चेचा विषय झाला.

पण गंधकाची मर्यादा शंभर ग्रॅमच्या वाटीपर्यंत खाली आणण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते गाडीच्या धुराड्यात दडले आहे. नव्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी आणि विषारी वायू निवळवणारे उत्प्रेरक बसवलेले असतात. गंधक या यंत्रणेचा वैरी. प्लॅटिनमसारख्या महागड्या धातूवर ते चिकटून बसते आणि त्याची धार बोथट करते. इंधनात गंधक असेल तर उत्तमातली उत्तम गाडीही काही काळाने जुन्या गाडीसारखीच धूर ओकू लागते. त्यामुळे ‘आधी इंधन स्वच्छ, मग गाडी स्वच्छ’ हा क्रम सगळ्या जगाला पाळावा लागला. भारत सरकारने २०१६ च्या जानेवारीत ‘बीएस-पाच’ ही पायरी गाळून थेट ‘बीएस-सहा’वर उडी घेण्याचे ठरवले, तेव्हा या उडीचा मोठा भार रिफायनऱ्यांवर पडला.

काडीमोड घडवणारा मध्यस्थ

शाळेत उत्प्रेरक शिकवताना शिक्षक लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाचे उदाहरण देतात. दोन्ही घरांना एकत्र आणायचे आणि स्वतः मात्र नामानिराळे राहायचे. इंधनातून गंधक काढणारा उत्प्रेरकही मध्यस्थच, फक्त त्याच्याकडे आधी काडीमोडाचे काम असते. कार्बनशी संसार करणाऱ्या गंधकाला तो सोडवतो आणि हायड्रोजनच्या हवाली करतो. त्यातून हायड्रोजन सल्फाईड हा वायू बनून तेलाबाहेर पडतो. उरतो तो निव्वळ हायड्रोजन आणि कार्बन असलेला, स्वच्छ जळणारा रेणू.

वनस्पती तुपाच्या कारखान्यात निकेलच्या साक्षीने तेलात हायड्रोजन घालतात, हे आपल्याला माहीत आहे. रिफायनरीतली क्रिया त्याच कुळातली, पण रांगडी. पोलादी उंच मनोऱ्यात सव्वातीनशे ते पावणेचारशे अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या कित्येक दहापट दाब असतो. त्या मनोऱ्यात उत्प्रेरकाच्या शेवयांच्या बारीक तुकड्यांसारख्या कांड्या टनावारी भरलेल्या असतात, आणि त्यांच्यामधून तेल व हायड्रोजन झिरपत जातात.

या कांड्या ॲल्युमिनाच्या. त्या दिसायला घट्ट, पण आतून जाळीदार, इतक्या की मूठभर कांड्यांमधल्या भिंतींचे क्षेत्रफळ क्रिकेटच्या मैदानाएवढे सहज भरेल. त्या भिंतींवर मॉलिब्डेनम सल्फाईडचे इवलेसे तुकडे बसवलेले असतात आणि सोबत थोडे कोबाल्ट किंवा निकेल. यातली गंमत अशी की, गंधक काढणारा हा उत्प्रेरक स्वतःच गंधकाने भरलेला असतो. प्लॅटिनमला गंधक मारते, याला मात्र गंधकाशिवाय चालत नाही. कारखान्यात नवी भरती केल्यावर आधी त्याला गंधक पाजावे लागते, मगच तो कामाला लागतो. या सल्फाईड उत्प्रेरकांचा पाया दोन महायुद्धांच्या दरम्यान जर्मनीत घातला गेला. तिथे कोळशापासून पेट्रोल करण्याचा खटाटोप चालला होता आणि कोळशातल्या गंधकाने न मरणारा उत्प्रेरक हवा होता.

मॉलिब्डेनम सल्फाईड गॅरेजवाल्यांच्याही ओळखीचे आहे. ग्रीसमध्ये मिसळतात ती काळी पूड हीच. चपात्यांच्या चवडीसारखे तिचे थर एकमेकांवर असतात आणि सहज घसरतात, म्हणून ती वंगणाचे काम करते. उत्प्रेरकाच्या दृष्टीने मात्र थराचा सपाट पृष्ठभाग जवळजवळ निरुपयोगी. सगळी करामत चालते ती कडेला. चपातीचा पदर सुटतो तो कडेनेच, तसे. म्हणून मोठा थर असण्यापेक्षा अगदी चिमुकले, म्हणजे कडाच कडा असलेले, असंख्य थर असणे फायद्याचे.

जय-विजय दारात उभे

आता मूळ मुद्द्याकडे. गंधकाचे साधे रेणू असतात, त्यांत गंधक टोकाला किंवा साखळीत मोकळेच लोंबत असते. उत्प्रेरकाच्या पहिल्या स्पर्शात ते निघते. त्याहून चिवट थायोफीन, जिथे गंधक एका कड्यात गुंफलेले असते. त्याहून चिवट डायबेंझोथायोफीन, जिथे गंधकाच्या दोन्ही बाजूंना बेंझीनची कडी भक्कम पहारा देतात. आणि सर्वांत हट्टी म्हणजे याच रेणूचा एक भाऊ, ४,६-डायमिथाइल डायबेंझोथायोफीन. नाव घेतानाच जीभ अडखळते, मग उत्प्रेरकाचे काय होत असेल!

या रेणूत गंधकाच्या अगदी डाव्या-उजव्या हाताला दोन मिथाइल गट उभे असतात. विष्णूच्या दारातले जय-विजयच म्हणा. गंधकाचा अणू आत बसलेला आहे, उत्प्रेरकाची कड त्याला स्पर्श करायला पुढे सरसावते, पण हे दोन द्वारपाल तिला जवळच येऊ देत नाहीत. संपूर्ण रेणू सपाट आणि ताठ असल्याने त्यांना बाजूला सारणेही शक्य नसते. तेलातले बाकीचे गंधक निघून गेल्यावर मागे उरते ते प्रामुख्याने या घराण्याचे. पाच किलोंपासून शंभर ग्रॅमपर्यंत उतरायचे म्हणजे यांच्याशीच सामना.

मग दाराशी झटापट करण्याऐवजी घराचीच रचना बदलायची, असा मार्ग निघाला. कडक पापडाला पाण्याचा हात लावला की तो मऊ पडून वाकतो. तसे या रेणूच्या एका कड्यात आधी हायड्रोजन भरला, तर त्याचा ताठपणा जातो, तो वाकतो-मुरडतो, आणि द्वारपाल समोरून थोडे कलतात. मग उत्प्रेरकाचा हात गंधकापर्यंत पोचतो. कोबाल्टची जोड असलेला उत्प्रेरक थेट गंधक तोडण्यात पटाईत, तर निकेलची जोड असलेला आधी हायड्रोजन भरण्यात वाकबगार. कोणते तेल आहे, दाब किती देता येतो आणि हायड्रोजन किती परवडतो, यावरून रिफायनरी दोहोंतून निवड करते किंवा एकाच मनोऱ्यात दोघांचे थर रचते.

यातही विघ्न आहे. तेलात नायट्रोजन असलेले काही रेणू असतात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांसारखे ते उत्प्रेरकाच्या मोक्याच्या जागा आधीच अडवून बसतात. सुटलेला हायड्रोजन सल्फाईडही परत येऊन गर्दी करतो. त्यामुळे हा वायू मध्येच धुऊन काढावा लागतो, आणि काही ठिकाणी दोन टप्प्यांत काम करावे लागते. पहिला टप्पा गर्दी हटवण्याचा, दुसरा हट्टी गंधकाचा.

डेन्मार्कमधले त्रिकोण

अनेक दशके हे उत्प्रेरक अनुभवाने सुधारत गेले. थोडे कोबाल्ट वाढव, थोडी भट्टी बदल, बघ काय होते. आजीच्या लोणच्यासारखे, चव जमली पण का जमली ते सांगता येत नाही. हे कोडे उलगडण्यात डेन्मार्कच्या हाल्डोर टॉप्सो कंपनीतील हेन्रिक टॉप्सो आणि त्यांचे सहकारी यांचा मोठा वाटा आहे. १९८० च्या आसपास त्यांनी किरणोत्सारी कोबाल्ट वापरून दाखवून दिले की, कोबाल्ट वेगळे राहत नाही. मॉलिब्डेनम सल्फाईडच्या कडेवर ते जागा पटकावते आणि काम करणारी जागा हीच असते.

त्यानंतर २००० साली ऑर्हुस विद्यापीठातल्या संशोधकांनी सोन्याच्या पृष्ठभागावर या सल्फाईडचे कण वाढवले आणि अणू टिपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे चित्र घेतले. ते कण चक्क त्रिकोणी होते, काही नॅनोमीटर लांबीचे. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. चित्रात आणखी एक गोष्ट दिसली. त्रिकोणाच्या काठाला लागून आत एक उजळ पट्टा होता, धातूसारखे गुण असलेला. हायड्रोजन भरण्याचे काम या पट्ट्यावर होते आणि तो वरून मोकळा असल्याने द्वारपालांची अडचण तिथे कमी जाणवते, असा अर्थ लागला. काठासाठी असलेला ‘ब्रिम’ हा इंग्रजी शब्दच घेऊन कंपनीने २००३ मध्ये नवे उत्प्रेरक बाजारात आणले. ज्याचे चित्र दिसले, ते अधिक बनवता आले.

दुसरी वाट एक्सॉनमोबिल आणि अक्झो नोबेल या कंपन्यांनी चोखाळली. त्यांनी ॲल्युमिनाचा आधारच काढून टाकला आणि निकेल, मॉलिब्डेनम व टंगस्टन यांचा जवळजवळ निखळ उत्प्रेरक २००१ मध्ये ‘नेब्युला’ नावाने आणला. तो कामाला दणकट, पण महाग आणि हायड्रोजनचा भोक्ता. गंधक खाणाऱ्या ऱ्होडोकोकस जीवाणूंकडूनही १९९० च्या दशकात मोठ्या आशा होत्या. गंमत म्हणजे उत्प्रेरकाला जे हट्टी रेणू जड जातात, ते या जीवाणूंना पचतात. पण त्यांची चाल मंद आणि त्यांना पाणी लागते. रिफायनरीच्या अफाट वेगापुढे त्यांचा निभाव लागला नाही.

आपल्याकडेही हात बांधून कुणी बसले नव्हते. इंडियन ऑईलच्या फरिदाबाद येथील संशोधन केंद्राने डिझेलमधले गंधक काढणारे उत्प्रेरक घडवले आणि इंजिनियर्स इंडियाच्या साथीने उभारलेले देशी तंत्र आसामातल्या बोंगाईगाव रिफायनरीत चालवून दाखवले. देशातल्या रिफायनऱ्यांनी ‘बीएस-सहा’साठी ३० हजार कोटी रुपयांच्या आसपास खर्च केला. मुंबईत माहुलला १९५४-५५ मध्ये सुरू झालेल्या दोन जुन्या रिफायनऱ्यांनाही हीच पायरी चढावी लागली.

स्वच्छतेची किंमत

हे सारे फुकट मिळत नाही. पहिली किंमत हायड्रोजनची. तो आजही मुख्यतः नैसर्गिक वायूपासून करतात आणि एक टन हायड्रोजनमागे नऊ-दहा टन कार्बन डायऑक्साईड आकाशात जातो. शहरातल्या मुलाचा श्वास मोकळा करताना आपण पृथ्वीच्या तापात थोडी भर घालतो. म्हणूनच चांगला उत्प्रेरक केवळ ताकदवान असून भागत नाही. नेमके हवे त्याच रेणूत हायड्रोजन घालणारा, उधळमाधळ न करणारा, असा तो हवा. २०२३ मध्ये केंद्राने हरित हायड्रोजनची राष्ट्रीय मोहीम मंजूर केली, तिच्या अपेक्षित गिऱ्हाइकांत रिफायनऱ्या आघाडीवर आहेत.

दुसरी किंमत अनपेक्षित होती. स्वीडनने १९९१ मध्ये जवळजवळ गंधकमुक्त डिझेल आणले आणि गाड्यांचे इंधनपंप झिजून बंद पडू लागले. इतक्या कडक प्रक्रियेत डिझेलचा नैसर्गिक स्निग्धपणाही निघून गेला होता. तेव्हापासून असे डिझेल विकताना त्यात वंगणाचा अंश मिसळावा लागतो.

तिसरी किंमत माणसे मोजतात. उत्प्रेरक म्हातारा होतो, त्यावर कार्बनची पुटे चढतात. तापमान अंशाअंशाने वाढवत त्याच्याकडून दोन-तीन वर्षे काम करून घेतात आणि मग बदलतात. वापरलेला उत्प्रेरक हवा लागताच पेट घेऊ शकतो. त्यामुळे मनोरा नायट्रोजनने भरून ठेवावा लागतो, आणि आत उतरणारा कामगार बाहेरून नळीने येणाऱ्या हवेवर श्वास घेत काम करतो. आपल्या मोकळ्या श्वासासाठी कुणी तरी असा नळीतून श्वास घेत असतो, हे अधूनमधून आठवायला हरकत नाही.

जमेच्या बाजूलाही काही आहे. काढलेले गंधक वाया जात नाही. हायड्रोजन सल्फाईडपासून पिवळे शुद्ध गंधक मिळवण्याची क्लाउस यांची पद्धत १८८३ पासूनची. आज जगातले बहुतेक गंधक खाणीतून नव्हे, तर तेल आणि नैसर्गिक वायू शुद्ध करताना मिळते. त्याचे गंधकाम्ल होते आणि त्यापासून सुपर फॉस्फेट खत. साखर कारखाने उसाचा रस निवळण्यासाठी गंधक जाळतात. नाशिक-सांगलीचा द्राक्ष बागायतदार भुरी आवरण्यासाठी वेलींवर गंधक मारतो. जे धुरात विष होते, ते योग्य जागी औषध झाले.

वाटीवर कुणाची नजर?

शेवटी एक हिशेब आपण सर्वांनी करून पाहावा. शंभर ग्रॅमची वाटी असलेला तो टँकर रिफायनरीतून निघाला. वाटेत कुणी त्यातले एक टन डिझेल काढून तितकेच रॉकेल ओतले. समजा, त्या रॉकेलमध्ये पाव टक्का गंधक आहे. म्हणजे अडीच किलो. एका वाटीच्या सव्वीस वाट्या झाल्या! कोबाल्टच्या कडा, डेन्मार्कमधले त्रिकोण, हजारो कोटींचे मनोरे, नळीतून श्वास घेणारा कामगार, हे सगळे एका रबरी पाइपने पुसून टाकले.

ही केवळ कल्पना नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी परिसरात तेलाच्या भेसळीचा अड्डा तपासायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. त्या घटनेने महाराष्ट्र हादरला. तेव्हा भेसळीची चर्चा झाली ती काळ्या पैशाच्या आणि गुंडगिरीच्या अंगाने, आणि ती योग्यच होती. पण भेसळ ही श्वासाची चोरीही असते, हे फारसे कुणी बोलले नाही.

नंतरच्या वर्षांत रेशनच्या रॉकेलचा कोटा आटत गेला आणि त्या धंद्याची एक मोठी वाट अरुंद झाली. तरी पंपावर नमुना तपासून मागण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि संशय आला तर तो बजावायला हवा. हट्टी गंधकाला नमवणारा उत्प्रेरक प्रयोगशाळेत घडला. पण ती शंभर ग्रॅमची वाटी टँकरपासून आपल्या गाडीच्या टाकीपर्यंत तशीच पोचवणे कुठल्याही मनोऱ्यातल्या उत्प्रेरकाच्या हाती नाही. तिथे जागरूक गिऱ्हाईक आणि न घाबरणारा अधिकारी लागतो.